पान सातवरचं वाक्य

काचेच्या कारखान्यात काकूंचं काम एवढंच होतं: उजळलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर बसायचं आणि पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्यांकडे बघायचं. एखादीत बुडबुडा असेल, खडा असेल, केसाएवढी चीर असेल, तर ती उचलून बाजूच्या डब्यात टाकायची. चांगली बाटली आपली आपण पुढे जाते, तिच्याकडे कोण बघतो! एकोणीस वर्षं हे केल्यावर काकूंचं चांगल्या गोष्टींकडे लक्षच जाईनासं झालं होतं. मुलीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा त्यांना आधी दिसली ती जावयाच्या कॉलरची दुमडलेली कड. आनंद झाला नाही असं नाही, पण तो कुणीतरी जाड पांघरुणाखाली घालून ठेवल्यासारखा झाला. दुःखाचंही तसंच. आई गेली तेव्हा बहिणी ऊर बडवून रडल्या आणि काकूंनी सगळ्यांचा चहा केला. बहिणी म्हणाल्या, दगड आहे नुसती. काकूंना त्याचंही वाईट वाटलं नाही.

त्यांचे यजमान त्याच कारखान्यात दोन नंबरच्या भट्टीवर होते. सत्तावीस वर्षांत त्यांचं मूळ नाव सगळे विसरले होते, ते होते वस्ताद. काचेची भट्टी एकदा पेटवली की विझवत नाहीत. दिवाळं वाजलं तरच, किंवा भिंती झिजल्या तर. वितळलेली काच आतून विटा खात असते, आणि आठ-दहा वर्षांनी भिंती इतक्या पातळ होतात की भट्टी निववून, पाडून, नव्यानं बांधावी लागते. दोन नंबरला तेरावं वर्ष लागलं होतं. तिला सगळे म्हातारी म्हणत. कुठं भिंत जास्त तापली की वस्ताद तिथं हवेचा झोत सोडायचे, बाहेरून विटांचं ठिगळ लावायचे, आणि तिची अशी मनधरणी करायचे की काकूंच्या वाट्याला तेवढी कधी आली नव्हती. नव्या बांधणीच्या विटांची ऑर्डर गेलेली होती. चार महिन्यांत म्हातारी निवणार, हे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शेअरचं. दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं कायम नोकरांना आपले थोडे थोडे शेअर दिले. ते ठेवायला खातं लागतं, म्हणून परगावी असलेल्या मुलीनं फोनवरून आईबापांचं ऑनलाइन खातं उघडून दिलं. त्या ॲपच्या एका कोपऱ्यात ‘रिसर्च’ असं लिहिलेलं होतं. तिथं दाबलं की कंपन्यांचे अहवाल उघडायचे, खातेदारांना फुकट. आणि फुकट ते पौष्टिक, या न्यायानं कारखान्यातल्या निम्म्या लोकांना त्या अहवालांचं वेड लागलं.

वेड म्हणजे किती? पहिल्या पानापुरतं. पहिल्या पानावर वर उजवीकडे एका चौकटीत ‘खरेदी करा’ नाहीतर ‘विका’ लिहिलेलं असायचं आणि खाली टार्गेट, म्हणजे वर्षभरात भाव कुठवर जाईल त्याचा आकडा. बाकीची तेरा पानं देवाच्या भरवशावर. स्टोअरकीपर तर हे आकडे इतके पाठ म्हणून दाखवायचा की त्याचं नावच टार्गेट पडलं. कॅन्टीनमध्ये तो चहाचा कप उंच धरून भाव सांगायचा आणि लोक मान डोलवायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

काकू मात्र अहवाल शेवटच्या पानापासून वाचायच्या. बारीक अक्षरात छापतात तेच खरं सांगायचं असतं, हे त्यांना एकदा विम्याच्या कागदानं शिकवलं होतं. त्यात शेअर घ्यायचे-विकायचे असं काही त्यांच्या मनात नव्हतं. दुपारी घरी आल्यावर पाय वर घेऊन बसायचं आणि तक्ते बघत खाली खाली जायचं. कुठंतरी एखादी ओळ वाकडी सापडायची. ती सापडली की फोन ठेवून त्या भाजी चिरायला उठायच्या.

त्या मंगळवारी ॲपनं टिंग केलं. त्यांच्याच कारखान्यावर नवा अहवाल आला होता. खरेदी करा. टार्गेट आधीपेक्षा पावपट वर. काकूंनी शेवटचं पान उघडलं. तिथं अहवाल लिहिणाऱ्या बाईंचं नाव, ईमेल, आणि आपल्याकडे या कंपनीचे शेअर नाहीत अशी कबुली होती. त्या मागे मागे येत राहिल्या. दहाव्या पानावर पुढच्या दोन वर्षांच्या मोठ्या खर्चांचा तक्ता होता. भट्टीच्या नव्या बांधणीसमोर दोन्ही वर्षांत शून्य.

छपाईची चूक असेल, असं त्यांना वाटलं. पण मग सातवं पान आलं.

‘कारखान्याच्या भेटीत दोन नंबरच्या भट्टीची जबाबदारी असलेल्या अनुभवी तंत्रज्ञांनी आम्हाला सांगितलं की योग्य देखभालीनं ही भट्टी नव्या बांधणीशिवाय आणखी दोन वर्षं सहज चालू शकेल. व्यवस्थापनानंही याला दुजोरा दिला आहे. त्यामुळे बांधणीचा खर्च आम्ही दोन वर्षं पुढे ढकलत आहोत आणि नफ्याचा अंदाज वाढवत आहोत.’

काकूंनी ते वाक्य दोनदा वाचलं. ‘सहज’ हा शब्द कुणाचा ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्या घरात गेली सत्तावीस वर्षं गळका नळ, अडकलेलं कपाट आणि जावयाची बदली सगळं सहज होत आलं होतं.

पाच आठवड्यांपूर्वी एक मुलगी कारखाना बघायला आली होती, हे त्यांना आठवलं. डोक्यावर सैल पडणारं हेल्मेट, हातात वही. साहेबांनी तिला सगळीकडे फिरवलं. त्या संध्याकाळी वस्ताद घरी आले ते शीळ घालत.

वस्ताद आले तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं होतं. कॅन्टीनमध्ये टार्गेटनं कुणाकडून तरी पान सातचा पत्ता काढून ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मोठे साहेब स्वतः भट्टीवर येऊन हात मिळवून गेले होते. भाव सकाळपासून चढतच होता.

“वाचलंस का?” बूट काढता काढता त्यांनी विचारलं. “अनुभवी तंत्रज्ञ! छापून आलंय.”

“वाचलं,” काकू म्हणाल्या. “विटांच्या ऑर्डरचं काय?”

“रद्द केली साहेबांनी. कालच. म्हणाले, वस्ताद, तुम्ही आहात तर घाई कशाला?”

“तुम्ही खरंच सांगितलंत तिला, दोन वर्षं म्हणून?”

“ती विचारत होती, मी सांगत होतो.” वस्ताद मोज्यांकडे बघत म्हणाले. “अगं, लिहून घेत होती ती. मी बोललो की थांबायची, पुन्हा विचारायची, आणि लिहायची. साहेब बाजूला उभे. सत्तावीस वर्षांत माझं एक वाक्य कुणी लिहून घेतलंय का?”

ते खरंच होतं. त्यांनी स्वतःही कधी घेतलं नव्हतं.

“मग चालेल ना दोन वर्षं?”

“चालवीन की.”

त्यांनी ताट वाढलं. वस्ताद जेवले, दोनदा भात घेतला, आणि भाव पुन्हा एकदा बघून झोपले.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पुढच्या दहा-बारा दिवसांत वस्ताद पाळी सुटल्यावरही तासभर थांबायला लागले. शर्टाच्या डाव्या बाहीला केस जळल्यासारखा वास यायचा. तीन पंख्यांचे झोत होते तिथं आता सहा झाले, असं भट्टीवरच्या एका पोरगेल्या फिटरनं काकूंना सहज सांगितलं. घरात वस्ताद बोलेनासे झाले. टार्गेट भेटला की मात्र छाती पुढे काढून हसायचे. त्यानं बिचाऱ्यानं पान सातच्या जोरावर बायकोच्या बांगड्या मोडून आणखी शेअर घेतले होते.

एका रविवारी सकाळी काकू गादीच्या खोळी बदलत होत्या. वस्ताद दुसरं टोक धरून उभे होते.

“खरं सांगा,” काकू म्हणाल्या. “किती चालेल?”

वस्तादांनी खोळीचा कोपरा नीट ओढून बसवला. “सहा महिने,” ते म्हणाले. “फार तर.”

“आणि मग?”

“मग काय, भिंत फुटेल. काच बाहेर येईल.”

“तुम्ही कुठं असाल?”

“पाळी माझी असेल तर तिथंच. दुसऱ्याची असेल तर तो.” त्यांनी उशी थोपटून जागेवर ठेवली. “तिची नाडी मला कळते. वेळेवर बाजूला होईन मी.”

“साहेबांना सांगा ना. म्हणावं, चुकलो.”

“काय तोंडानं सांगू? छापून आलंय ते. अख्ख्या बाजारानं वाचलंय. सगळ्यांचे शेअर वर गेलेत, टार्गेटनं बांगड्या मोडल्यात. आणि मी जाऊन म्हणू, मी थाप मारली?” त्यांचा आवाज चढला होता, तो त्यांनीच खाली आणला. “बोललो ते बोललो. आता चालवून दाखवायची.”

काकूंनी खोळीची बटणं लावली. आपल्या पोटात गोळा यायला हवा होता, नवऱ्याच्या अंगावर उकळती काच येण्याची गोष्ट चालली आहे, असं त्यांनी स्वतःला बजावून बघितलं. काही आलं नाही. हाताखाली खोळीचं कापड गुळगुळीत लागत होतं, एवढंच कळत होतं. आपल्यातलं काहीतरी बंद पडलेलं आहे, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि त्याचीही त्यांना भीती वाटली नाही. बघितलेली खोट मात्र पट्ट्यावरून पुढे जाऊ द्यायची नाही, एवढं अंगात मुरलेलं होतं.

वस्ताद पेपर घेऊन बाहेर बसल्यावर त्यांनी ॲप उघडलं, अहवालाच्या शेवटच्या पानावरचा ईमेल पाहिला आणि लिहिलं:

‘तुमच्या अहवालातलं पान सातवरचं दोन वर्षांचं वाक्य चूक आहे. ज्यांनी ते सांगितलं त्यांनी बढाई मारली. भट्टी जास्तीत जास्त सहा महिने चालेल. भिंत मोजून घ्यायला सांगा. मी त्याच कारखान्यात बाटल्या तपासते. माझं नाव कुठं घालू नका.’

उत्तर लगेच आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ते माणसानं लिहिलेलं नव्हतं, हे काकूंना कळलं. त्यांनी फोन ठेवला आणि पायाची नखं कापायला घेतली.

नऊ दिवसांनी ॲपनं पुन्हा टिंग केलं. जेवणाची सुट्टी होती. कॅन्टीनमधल्या वीस-पंचवीस खिशांतून एकदम टिंग झालं आणि सगळ्यांचे हात एकदम खिशाकडे गेले. विका. टार्गेट निम्म्यावर. या खेपेला लोकांनी पहिल्या पानावर न थांबता पुढची पानंही वाचली. ‘नव्यानं मिळालेल्या माहितीनुसार दोन नंबरची भट्टी सहा महिन्यांहून अधिक चालण्याची शक्यता नाही. व्यवस्थापनानं भिंतीच्या जाडीची मोजणी दाखवावी, अशी विनंती आम्ही केली. ती मिळाली नाही.’

भाव दोन दिवसांत पाव भागानं पडला. विमा कंपनीनं मोजणी मागितली. तिसऱ्या दिवशी बाहेरची माणसं यंत्रं घेऊन आली, भिंतीजवळ दहा मिनिटं थांबली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. त्याच दुपारी म्हातारी रिकामी करायचा हुकूम निघाला. काच चरातून पाण्यात सोडून दिली. मग दोन नंबरच्या शंभर माणसांना अर्ध्या पगारावर घरी बसायला सांगितलं. नव्यानं बांधणार का? साहेब म्हणाले, बघू. पट्टाच थांबला, तेव्हा काकूही घरी बसल्या.

खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, ते सांगायला ज्योतिषी नको. भट्टीवरून त्या मुलीशी बोललेला माणूस एकच होता.

“वस्ताद, तुमच्या जिभेला काही हाड?” टार्गेट भर गेटवर म्हणाला. “आधी दोन वर्षं, मग सहा महिने. तिला काय तुम्ही रोज फोन करता?”

“मी नाही केला फोन,” वस्ताद म्हणाले.

“मग काय भट्टीनं केला?”

कुणी हसलं नाही. भट्टी निवेपर्यंत वस्तादांना रोज जावं लागायचं, एकदम थंड केली तर छत कोसळतं म्हणून. दहा दिवस ते तिची आच थोडी थोडी उतरवत होते. त्या दहा दिवसांत कुणी त्यांच्याबरोबर चहाला बसलं नाही. फिटरसुद्धा आपला डबा घेऊन पलीकडे जायचा. काकूंना हे सगळं शेजारच्या बाईकडून कळत होतं. वस्ताद घरी येऊन काही सांगत नव्हते. काकू वाढायच्या, ते जेवायचे. त्या रोज ठरवायच्या, आज सांगू. मग ताट उचलायची वेळ व्हायची.

अकराव्या दिवशी ते सकाळी अकरा वाजताच परत आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ, भुवयासुद्धा पांढऱ्या. दारातच उभे राहिले, आत येईनात. काकूंनी पाण्याचा तांब्या आणला.

“आज आत उतरलो,” वस्ताद म्हणाले. “पहिल्यांदाच आतून बघितली तिला.”

“पाणी घ्या.”

त्यांनी तांब्या घेतला नाही. “सहा महिने हे मी जगात फक्त तुला सांगितलं होतं,” ते म्हणाले.

काकू तांब्या धरून उभ्या राहिल्या. “हो,” त्या म्हणाल्या. “मीच लिहिलं.”

“माहीत आहे. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये वाचलं तेव्हाच कळलं.”

“मग बोलला का नाहीत? तिथं सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. माझं नाव सांगायचं होतं.”

“तुला कशाला मध्ये ओढू?” वस्तादांनी बाहीनं डोळे पुसले आणि धूळ आणखी पसरली. “रागावलो होतो. फार रागावलो होतो. वाटलं, घरातल्या माणसानं पाय ओढला. दहा दिवस एकच मनात होतं, की भिंत उघडी पडेल आणि ती जाड निघेल. मग येऊन तुला दाखवीन, की बघ, निघाली असती सहज.”

“आणि?”

वस्तादांनी उजवा हात वर केला. पहिल्यांदा काकूंना वाटलं, ते थांब म्हणताहेत. मग त्यांनी चार बोटं मिटली आणि एकच उभं ठेवलं.

“एवढी उरली होती. वीतभर जाड होती ती, बांधली तेव्हा. एक बोट.”

“म्हणजे सहा महिनेसुद्धा...”

“सहा महिने ही पण थापच होती.” वस्ताद बोटाकडेच बघत होते. “मला तेव्हाच कळत होतं. तीन-चार आठवडे. फार तर.”

काकूंनी मनात हिशोब केला. रविवारच्या खोळींपासून आजपर्यंत. तो आकडा बरोबर आजच्या आसपास येत होता.

“मला तरी खरं का नाही सांगितलंत?”

“तू कामाला जाऊ दिलं नसतंस,” वस्ताद म्हणाले.

तेव्हा काकूंनी तांब्या खाली ठेवला. इतक्या दिवसांची, किंवा एकोणीस वर्षांची, जी काय साठलेली भीती होती ती आता, सगळं संपल्यावर, माणूस धडधाकट दारात उभा असताना, एकदम आली. त्या उंबऱ्याशी खालीच बसल्या. त्यांनी वस्तादांच्या पोटऱ्यांना दोन्ही हातांनी मिठी मारली आणि त्या धुळीत तोंड खुपसून ओरडायला लागल्या, शेजारपाजारचे बाहेर आले तरी थांबेनात. वस्तादांना खाली वाकून त्यांना उठवताही येईना, कारण त्या पाय सोडत नव्हत्या.